हलक्या पारड्याची ओढ

व्यापारी माणसाचा दिवस पत पाहण्यात जातो. कोणाला किती दिवसांची उधारी द्यावी, कोणाचा धनादेश निःशंकपणे घ्यावा, कोणत्या पेढीचे नाव ऐकताच माल गाडीत चढवावा आणि कोणाला गोड बोलून रोखीवर आणावे, याचे गणित त्याच्या मनात सतत चाललेले असते. हे गणित तो शाळेत शिकत नाही. लहानपणी वडिलांच्या शेजारी गादीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत ते त्याच्या अंगात मुरते. त्याचा पहिला नियम असा, की जो भक्कम आहे त्याच्याशी व्यवहार जोडावा आणि जो डळमळीत आहे त्याच्यापासून चार पावले दूर राहावे. नाशिकच्या भांडी बाजारातील, सराफ बाजारातील आणि रविवार कारंजा परिसरातील कित्येक पेढ्या तीन-तीन पिढ्या टिकून राहिल्या, त्यामागे या नियमाचा वाटा मोठा आहे.

असा हा माणूस दुकान वाढवून घरी येतो आणि सामना पाहायला बसतो. समोर दोन संघ असतात. एकाच्या नावावर अनेक विजेतेपदे असतात, त्यात भारताकडून खेळलेले खेळाडू असतात. दुसऱ्याची गणना लिंबूटिंबूंत होते. दिवसभराच्या सवयीप्रमाणे त्याने भक्कम संघाची बाजू घ्यायला हवी. परंतु तसे होत नाही. पहिल्या तासाभरातच त्याचे मन दुबळ्या संघाकडे झुकलेले असते. त्या संघाचा एखादा फलंदाज तग धरून राहिला, तर तो पाय हलवत नाही, जागा बदलत नाही, घरातल्या कोणाला मधून जाऊ देत नाही. दिवसभर जड पारड्याकडे पाहणारा माणूस संध्याकाळी हलक्या पारड्याचा होतो. ही विसंगती वरवर गमतीची वाटते. खोलवर पाहिल्यास ती व्यापारी माणसाविषयी काही महत्त्वाचे सांगून जाते.

नाशिकच्या प्रेक्षकाला या ओढीची सवय जुनी आहे, कारण क्रिकेटच्या नकाशात त्याचे घरच दोन मोठ्या सावल्यांच्या मध्ये आहे. १९३४-३५ पासून चालत आलेल्या रणजी करंडक स्पर्धेत आपल्या एकाच राज्याचे तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नाशिक जिल्हा पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात येतो. या संघाने प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. देवधर हे पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. त्यानंतर मात्र या करंडकाने महाराष्ट्र संघाकडे पाठ फिरवली. त्याच काळात कसारा घाटाच्या पलीकडची मुंबई विजेतेपदांची रास रचत गेली. ती रास आज ४२ वर पोहोचली आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या गोल्फ क्लब मैदानावर, महाराष्ट्राचा रणजी सामना असला की पायऱ्यांवर बसणारी मंडळी या इतिहासाचे ओझे घेऊनच बसतात.

त्यामुळे जानेवारी २०१४ मधले ते चार दिवस नाशिककर क्रिकेटप्रेमींच्या आठवणीत आहेत. उपान्त्यपूर्व फेरीत महाराष्ट्राची गाठ मुंबईशी, तीही वानखेडे स्टेडियमवर होती. मुंबई गतविजेती होती, तर महाराष्ट्र ‘क’ गटातून वर आलेला संघ होता. मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या आणि महाराष्ट्र २८० धावांत आटोपला. १२२ धावांची पिछाडी. व्यवहारी माणसाने येथेच हिशेब बंद केला असता. परंतु दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत कोसळली. २५२ धावांचे आव्हान महाराष्ट्राने केवळ दोन गडी गमावून पार केले. केदार जाधव १२० धावांवर नाबाद राहिला आणि जालन्याचा तरुण विजय झोल ९१ धावांवर. पुढे उपान्त्य फेरीत बंगालला हरवून हा संघ हैदराबादला अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे कर्नाटकाने त्याला सात गड्यांनी हरवले. केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा केल्या, तरी करंडक बंगळुरूला गेला.

एखाद्या जाणकाराने विचारावे, की शेवटी हरलाच ना संघ? मग एवढा आनंद कशाचा? या प्रश्नात बाजाराची भाषा आहे. बाजारात शेवटची शिल्लक पाहिली जाते. प्रेक्षकाच्या मनात मात्र ते चार दिवस जमेच्या बाजूला कायमचे लिहिले गेले. बलाढ्याचा विजय पाहताना जे आधीच ठाऊक होते त्यावर शिक्का बसतो. दुबळा झुंजतो तेव्हा मात्र पुढचे पान कोरे असते आणि त्यावर काय उमटेल हे कोणालाच सांगता येत नाही. तो थरार त्या कोऱ्या पानाचा असतो.

हा थरार पूर्णत्वाने पाहायचा, तर २०१७-१८ च्या हंगामाकडे वळावे लागते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळत होता. साठ वर्षांत त्याने उपान्त्य फेरीचा उंबरठाही ओलांडला नव्हता. त्या वर्षी तो प्रथमच तेथे पोहोचला आणि समोर आला तो कर्नाटक. आठ वेळा करंडक जिंकलेला, भारतीय संघातून खेळलेल्या फलंदाजांनी आणि गोलंदाजांनी भरलेला. सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, १७ डिसेंबर २०१७ पासून.

पहिल्या डावात विदर्भ १८५ धावांत गडगडला. कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. त्यांपैकी १५३ एकट्या करुण नायरच्या होत्या. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून ते वाचकांनी ध्यानात ठेवावे. ११६ धावांची पिछाडी घेऊन विदर्भ पुन्हा मैदानात उतरला आणि त्याने ३१३ धावा जमवल्या. त्यात गणेश सतीशच्या ८१ धावा होत्या. हा गणेश सतीश मूळचा कर्नाटकाचा. २०१४ च्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध त्यानेच शतक झळकावले होते. नंतर तो विदर्भात आला आणि आता आपल्याच जुन्या संघासमोर उभा राहिला. कर्नाटकासमोर १९८ धावांचे लक्ष्य आले. त्या संघाच्या मानाने ते फार मोठे नव्हते.

चौथ्या दिवसाची अखेर झाली तेव्हा कर्नाटकाच्या सात बाद १११ धावा होत्या. अजून ८७ धावा हव्या होत्या आणि हाती तीन गडी होते. एका रात्रीत पारडे फिरल्यासारखे झाले. आता कागदावर विदर्भ भक्कम आणि कर्नाटक अडचणीत होता. परंतु साठ वर्षे हरण्याची सवय असलेल्या संघाला जिंकता जिंकता घाम फुटतो, हे प्रत्येक जुना प्रेक्षक जाणतो. पाचव्या दिवशी सकाळी नेमके तेच होऊ लागले. कर्णधार विनय कुमारने फटके मारले, मिथुनने फटके मारले, एका टोकाला श्रेयस गोपाल शांतपणे उभा राहिला. ८७ चे ५० झाले, ५० चे २० झाले, २० चे १० झाले. डिसेंबरचा तिसरा आठवडा, लग्नसराईची गिऱ्हाईके दुकानात, आणि गल्ल्याशेजारी ठेवलेल्या मोबाइलवरचा धावफलक दर मिनिटाला बदलतो आहे. अशा वेळी मापात चूक होऊ नये म्हणून दुकानदार मोबाइल पालथा ठेवतो आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा उलटून पाहतो. ज्याला नागपूरशी काही देणेघेणे नाही, ज्याचा एकही नातेवाईक त्या संघात नाही, त्याच्या छातीत धडधड कशासाठी?

अखेर कर्नाटकाचा डाव १९२ धावांवर संपला. विदर्भ पाच धावांनी जिंकला. त्या डावात सात आणि सामन्यात एकूण बारा गडी बाद करणारा रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तरुण वेगवान गोलंदाज होता. पाच धावा म्हणजे क्रिकेटमध्ये एक चौकार आणि एक चोरटी धाव. पाच दिवसांच्या उलाढालीचा सारा नफा एवढाच. परंतु त्या पाच धावांनी साठ वर्षांचे खाते फिरवले.

अंतिम सामना इंदूरला दिल्लीविरुद्ध होता. दिल्लीकडे गौतम गंभीर होता, ऋषभ पंत कर्णधार होता, नावावर सात विजेतेपदे होती. विदर्भाचा कर्णधार फैज फजल भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळलेला. गुरबानीने पहिल्या डावात सहा गडी बाद केले आणि त्यांत सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्याच्यापूर्वी केवळ एकदाच, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केला होता. मग यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. प्रथम श्रेणीतले ते त्याचे पहिलेच शतक. विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर रचला. १ जानेवारी २०१८ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, हा संघ नऊ गड्यांनी जिंकला आणि रणजी करंडक प्रथमच नागपूरला गेला.

लोकांनी याला चमत्कार म्हटले. प्रेक्षकाला तो शब्द आवडतो, कारण त्याने शेवटचे दोन आठवडे पाहिलेले असतात. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला मात्र हे माहीत असते, की मुदत संपल्यावर हाती येणारी रक्कम त्या दिवशी निर्माण झालेली नसते. ती महिन्या-महिन्याच्या हप्त्यांनी साठलेली असते. विदर्भाने आपल्या मुलांसाठी अकादमी उभारली होती. बाहेरून अनुभवी खेळाडू आणले होते. त्या हंगामासाठी चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक नेमला होता. शिस्तीचे हे हप्ते कोणाला दिसत नव्हते. हेच पंडित पुढे मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी २०२१-२२ मध्ये त्या संघालाही पहिले विजेतेपद मिळवून दिले, तेही बंगळुरूच्या त्याच मैदानावर, जेथे २३ वर्षांपूर्वी कर्णधार या नात्याने त्यांच्या हातून अंतिम सामना निसटला होता.

विदर्भाच्या या कथेत एक प्रसंग असा आहे, की तो खेळाच्या पानांपेक्षा व्यापाऱ्यांच्या बैठकीत अधिक सांगितला जावा. मुंबईकडून कित्येक वर्षे खेळलेला वसीम जाफर हा विदर्भाने करार करून आणलेला खेळाडू. २०१६-१७ च्या हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नाही. खेळला नाही, तर पैसे कशाचे, असे संघटनेला म्हणता आले असते. परंतु संघटनेने त्याच्या कराराची रक्कम दिली. पुढच्या हंगामात, म्हणजे या विजेतेपदाच्या हंगामात, जाफर मानधन न घेता खेळला. अंतिम सामन्यात त्याने ७८ धावा केल्या आणि विजयाच्या क्षणी तोच खेळपट्टीवर होता. एकाने अडचणीच्या वर्षात हात आखडता घेतला नाही आणि दुसऱ्याने चांगल्या वर्षात ते ऋण विसरले नाही. पेढीच्या भाषेत याला पत म्हणतात. ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात ती दिसत नाही.

ही ओढ केवळ आपल्या मातीची नाही. नाशिकच्या कित्येक घरांतील मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. तेथे महाविद्यालयीन फुटबॉलचे वेड किती विलक्षण आहे, हे ती फोनवर सांगतात. हा फुटबॉल आपल्याकडच्यासारखा मुख्यतः पायांनी खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, फेकायचे आणि समोरच्याला अंगावर घ्यायचे, असा तो खेळ. १ सप्टेंबर २००७ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या संघाने ॲपलाचियन स्टेट या डोंगराळ भागातील विद्यापीठाच्या संघाला आपल्या मैदानावर बोलावले. मिशिगन देशातील पाचव्या क्रमांकाचा संघ, तर पाहुणे खालच्या श्रेणीतील. अशा दुबळ्या संघाला मोबदला देऊन बोलवायचे, हंगामाची सुरुवात सोप्या विजयाने करायची आणि प्रेक्षकांनाही खूष करायचे, हा तेथील रिवाज. ॲपलाचियन स्टेटला त्यासाठी चार लाख डॉलर मिळणार होते. थोडक्यात, यजमानांनी हरण्यासाठी पाहुणा विकत घेतला होता.

एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर तो पाहुणा ३४ विरुद्ध ३२ अशा गुणांनी जिंकला. शेवटच्या क्षणी मिशिगनने गोलखांबांमधून चेंडू मारून सामना खेचण्याचा प्रयत्न केला. पाहुण्यांच्या एका खेळाडूने झेप घेऊन तो चेंडू अडवला आणि सारे मैदान अवाक झाले. शेकडो मैल दूर, बून नावाच्या छोट्या गावात, त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रिकाम्या मैदानावरचे गोलखांब उपटले आणि मिरवत कुलगुरूंच्या घरासमोर नेऊन ठेवले. ज्याने दाम मोजले त्याला वाटले होते, की निकालही खरेदीत आला. व्यापारी माणसाने या गोष्टीवर थोडे थांबून विचार करावा. दाम मोजून माल मिळतो, सेवा मिळते, वेळही मिळतो. समोरच्याचा हुरूप मात्र त्या किमतीत येत नाही.

दुबळ्याची बाजू घेण्याचा हा आनंद जोपर्यंत पैशाविना असतो तोपर्यंतच टिकतो, हेही सांगितले पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर सामन्यागणिक पैसे लावण्याची सवय कित्येक सुखवस्तू घरांतील मुलांना लागली आहे. पैसे लावणारा सामना पाहत नाही, भाव पाहतो. त्याने दुबळ्या संघावर पैसे लावले, तर त्याला त्या संघाविषयी प्रेम नसते, एकाचे पंधरा होण्याची हाव असते. बलाढ्यावर लावले, तर दुबळ्याची प्रत्येक चांगली खेळी त्याला शत्रूसारखी वाटते. दोन्ही बाजूंनी तो आनंद गमावतो. ज्याचे काही गुंतलेले नाही, त्यालाच ईडन गार्डन्सच्या त्या सकाळी दोन्ही संघांचे कौशल्य दिसले. विदर्भ जिंकावा असे वाटत असतानाही श्रेयस गोपालच्या संयमाला दाद देता आली, ती त्याच्या मोकळ्या मनामुळे.

या कथेचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. विदर्भाने पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक पुन्हा जिंकला. २०२३-२४ मध्ये तो उपविजेता ठरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा अंतिम सामना नागपुरात आला, तेव्हा विदर्भ हा बलाढ्य यजमान होता आणि दारात उभा होता केरळ. केरळाचा तो रणजीतील पहिलाच अंतिम सामना. तो तेथे पोहोचला तोही कसा? अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी ज्याची, तो पुढे जातो, असा स्पर्धेचा नियम आहे. उपान्त्यपूर्व फेरीत केरळाला जम्मू-काश्मीरवर एका धावेची आघाडी मिळाली. उपान्त्य फेरीत गुजरातच्या ४५५ धावांना उत्तर देताना त्याने ४५७ धावा केल्या. त्या सामन्यात गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू अगदी जवळ उभ्या असलेल्या सलमान निजारच्या शिरस्त्राणावर आदळला, उंच उडाला आणि कर्णधार सचिन बेबीच्या हाती विसावला. तीन धावांच्या भांडवलावर दोन फेऱ्या पार करून हा संघ नागपूरला आला होता.

आणि मैदानावर कोण होते? विदर्भाच्या बाजूने करुण नायर, ज्याने २०१७ मध्ये कर्नाटकाकडून विदर्भाला छळले होते. आता त्याने विदर्भासाठी ८६ आणि १३५ धावा केल्या. केरळाच्या बाजूने आदित्य सरवटे, जो विदर्भाच्या दोन्ही जुन्या विजेतेपदांत होता. विदर्भाचा कर्णधार होता अक्षय वाडकर, इंदूरला पहिले शतक करणारा तोच यष्टिरक्षक. विदर्भाच्या ३७९ धावांना उत्तर देताना केरळ ३४२ धावांवर थांबला. सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला. ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. परंतु सात वर्षांपूर्वी विदर्भासाठी जीव टाकणाऱ्या कित्येक प्रेक्षकांना या वेळी केरळाविषयी जिव्हाळा वाटला. त्यात दगाबाजी नव्हती. त्यांची निष्ठा नागपूरशी किंवा कोचीशी नव्हतीच. ती हलक्या पारड्याशी होती, आणि पारडे आता बदलले होते.

येथे हा विषय मैदान सोडून पेढीवर येतो. आज नाशिकमध्ये भक्कम म्हणून ओळखली जाणारी व्यापारी घराणी कधीकाळी हलक्या पारड्यातच बसलेली होती. कोणाचे पणजोबा लोटा आणि दोरी घेऊन मारवाडातून निघाले, कोणाचे गुजरातेतून, कोणी जवळच्या खेड्यातून डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन आठवडे बाजार फिरले. त्यांच्याजवळ तारण नव्हते आणि जामीनही नव्हता. कोणा एका घाऊक व्यापाऱ्याने चेहरा पाहून त्यांना पहिला माल उधारीवर दिला. त्या व्यापाऱ्याचे नाव आज कित्येक घरांत कोणाला ठाऊक नसते, परंतु घराण्याचा सारा ताळेबंद त्या एका उधारीवर उभा असतो.

आता तीच घराणी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला आहेत. त्यांच्यासमोर उभा राहतो तो बारा वर्षे दुकानात काम केलेला मदतनीस, ज्याला स्वतःचे छोटे दुकान थाटायचे आहे. किंवा सातपूरच्या एका गाळ्यात दोन यंत्रांवर सुटे भाग बनवणारा तरुण, ज्याला पहिली मोठी मागणी हवी आहे. किंवा घरातलीच सून, जी स्वतःच्या नावाने व्यवसाय सुरू करू पाहते. यांच्या बाबतीत दिवसभराचा नियम लगेच जागा होतो आणि गोड बोलून नकार दिला जातो. आदल्याच रात्री ज्याने दुबळ्या संघासाठी श्वास रोखून धरला होता, तोच हा माणूस असतो.

याचा अर्थ प्रत्येक मागणाऱ्याला उधारी द्यावी असा नाही. पत नसणे आणि पत बिघडलेली असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने घेतलेले बुडवले, त्याचे खाते बिघडलेले असते. ज्याला कोणी कधी काही दिलेच नाही, त्याचे पान केवळ कोरे असते. घाईत हे दोघेही एकाच रांगेत उभे केले जातात, आणि कोऱ्या पानाच्या माणसावर अन्याय होतो. साठ वर्षे विदर्भाचे पान जवळजवळ कोरेच होते. ज्यांनी आधीची शिस्त पाहिली, सरावातले सातत्य पाहिले, एका जखमी खेळाडूला दिलेला शब्द पाळलेला पाहिला, त्यांना पुढचे दिसू शकले असते. माणूस पारखतानाही याच गोष्टी पाहाव्या लागतात. तो वेळेवर येतो का, छोट्या रकमेचा हिशेब चोख देतो का, चूक झाली तर स्वतः सांगतो का. हे हप्ते भरणाऱ्याला भांडवल नसले, तरी त्याची पत तयार होत असते.

भक्कम ग्राहकाला माल देण्यासाठी धाडस लागत नाही आणि त्यातून फारसा आनंदही मिळत नाही. वर्षाच्या एकूण उधारीतला एक लहानसा, बुडाला तरी पेढीला धक्का बसणार नाही एवढा भाग, अशा कोऱ्या पानांसाठी राखून ठेवणे कोणत्याही सुस्थित घराण्याला शक्य आहे. त्यातली काही पाने वाया जातील. महाराष्ट्रही हैदराबादला हरलाच होता. परंतु एखाद्या पानावर पाच धावांचा विजय लिहिला जाईल, आणि तीन पिढ्यांनंतर त्या घरातले कोणी विचारील, की आपल्या आजोबांना पहिला माल कोणी दिला होता?